टपालनौकेचं तिकीट

“मावशी, आज तुमचा सहीचा शिक्का मिळाला नाही, तर होडी रिकामीच छापावी लागेल,” किताओ म्हणाली.

टोकियोच्या टपाल खात्यातून ती तिसऱ्यांदा या बेटावर नोबुएकडे आली होती. चटईवर तिने चार तिकिटांचे नमुने मांडले. टपाल आजवर कसकसं प्रवास करत आलं, ते दाखवणारी ही स्मारक तिकिटं: खांद्यावरच्या काठीला पेटी अडकवून धावणारा डाकवाला, घोडागाडी, आगगाडीचा टपालडबा आणि शेवटची टपालनौका. नौकेच्या पुढच्या टोकावर एक माणूस खांद्यावर पिशवी टाकून उभा होता. उन्हाने डोळे बारीक केलेले.

तो त्सुनेजी, नोबुएचा नवरा.

जुन्या फोटोवरून काढलेलं चित्र हुबेहूब उतरलं होतं. नोबुएने ते हातात घेतलं नाही.

“काय करू मावशी, नियमच आहे,” किताओ अजिजीने म्हणाली. “जिवंत माणसाला आम्ही तिकिटावर छापत नाही. सरकारी नोंदीतलं त्यांचं नाव तुम्ही अजून कमी केलेलं नाही. ते राहू दे. ते हयात नाहीत, एवढं बायकोने लिहून दिलं तरी पुरे.”

“अख्ख्या बेटाला ठाऊक आहे,” मिचियो, नोबुएची मुलगी, म्हणाली. “फक्त हिलाच नाही.”

मिचियो बालवाडीत असतानाची गोष्ट. वादळ शमल्यावर टपालनौका समोरच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली सापडली. आत त्सुनेजी नव्हता. टपालाच्या पिशव्या मात्र मेणकापडात गुंडाळून, दुहेरी गाठी मारून छताशी बांधलेल्या. एक पत्र भिजलं नव्हतं. मरण समोर असताना या माणसाने आधी लोकांची पत्रं सांभाळली, म्हणून बेटाने धक्क्यावर त्याच्या नावाचा दगड उभारला. मिचियो त्या दगडाला हात लावून शाळेत जायची.

नोबुए त्या दगडाकडे कधी फिरकली नाही. देव्हाऱ्यात पितरांशेजारी तिने नवऱ्याचा फोटो ठेवू दिला नाही. श्राद्ध घातलं नाही. उलट रोज जेवताना त्याच्या जागेवर भाताचा वाडगा झाकून ठेवायची. परगावी गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, त्याला तिकडे उपास घडू नये म्हणून. जेवण झालं की झाकण उचलून बघायची. आतून दव धरलेलं असलं की माणूस सुखरूप.

“गरम भातावर झाकण ठेवलं की वाफ धरणारच, आई,” मिचियो चिडायची. ती समोरच्या किनाऱ्यावरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. “त्यात बाबांचा काय संबंध?”

“नसेल. पण तो मेलेला नाही.”

याहून जास्त नोबुए कधी बोलली नाही. दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजून शेजारणी तिला सांभाळून घेत. किताओही दोन्ही खेपेला हेच वाक्य ऐकून बोटीने परत गेली होती.

“एकदा तरी माझा विचार कर,” मिचियोचा आवाज चढला. “मला बाबांचा चेहरा आठवत नाही गं. मला हा फोटो आठवतो. रिकाम्या होडीचं तिकीट घेऊन मी काय करू? तुझं बरं आहे, तुझा भात झाकला की झालं!”

“पाहुणीसमोर ओरडू नकोस,” नोबुए म्हणाली. “जेवून घ्या आधी.”

तिने भात, माशाचं सूप, उकडलेलं रताळं आणलं. एक वाडगा किताओपुढे ठेवला, एक मिचियोपुढे, एक स्वतःपुढे. आणि बसली.

मिचियोच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. “आई… बाबांचं?”

नोबुए किताओकडे वळली. “कधी गेला, ते लिहावं लागतं का?”

“नाही, नाही. आज ते नाहीत, एवढंच.”

“खोटं नको व्हायला.”

“खोटं कसं होईल, मावशी?”

“मग आण इकडे.”

खणातून तिने शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला, दाखवलेल्या जागी सरळ उमटवला. नंतर मात्र ती बराच वेळ शिक्का पुसत राहिली. शाई केव्हाच निघून गेली होती.

मिचियो तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडू लागली. “किती वर्षं लावलीस गं, आई.”

“मी नाही लावली,” नोबुए म्हणाली आणि तिचे केस मागे सारत राहिली.

किताओने डोळे टिपले, नमुने पाकिटात घातले. “वसंतात तिकिटं निघतील. पहिल्या दिवशीचा खास शिक्का मारून घ्यायला लोक पहाटेपासून रांग लावतील, बघा मावशी.”

“लावू देत. चेहरा चांगला आहे त्याचा. लोकांना आवडायचाच.”

“आई!” मिचियो रडता रडता हसली.

दुपारच्या बोटीने दोघी निघाल्या. बोट वळेपर्यंत मिचियो हात हलवत होती. नोबुए धक्क्यावरून घरी आली, भांडी घासली, काळा किमोनो उन्हात टाकला. तेवढ्यात फोन वाजला. परवा पहाटे पहिल्यांदा ऐकलेला, तोच कोबे शहरातल्या बाईचा आवाज.

“ताई, मी बोलतेय. त्सुनेजींचं दहन उद्या सकाळी ठरलंय. इतकी वर्षं ते माझ्या घरी राहिले, पण बायको तुम्हीच आहात. अस्थी उचलायला याल ना?”