शॉर्ट लेगला कोण?

"बटणला काढा," चष्मेवाले निवडकर्ते म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. माणसाला संघातून काढणं आणि बिस्कीट बुडवणं, दोन्ही एका दमात उरकलं.

बटण म्हणजे संघाचा सलामीचा फलंदाज. बुटका, गोलमटोल, म्हणून हे नाव. परदेशातली कसोटी मालिका संघ सपाटून हरून आला होता. एक सामना तेवढा कसाबसा अनिर्णित सुटला. आता पुढच्या मालिकेचा संघ निवडायचा, तर आधी कोणाचा तरी बळी हवा. लोक विचारतात ना, हरलात ते हरलात, पण केलंत काय त्याचं! आणि बटण सोयीचा. त्याच्या ना जाहिराती लागत, ना वर कोणी काका-मामा.

कर्णधाराला या खोलीत मत नव्हतं. विचारलं तर सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. थोरल्या भावाने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "तुझं कर्णधारपद वाचलंय हे नशीब समज. तिथे तोंड आवर."

भिंतीवरच्या पडद्यावर बटण पुन्हा पुन्हा बाद होत होता. बोल्ड. पायचीत. परत बोल्ड.

"पाय बघा त्याचे," चष्मेवाले म्हणाले. "हलतच नाहीत."

"हलतील कसे?" कर्णधाराच्या तोंडून निघून गेलं.

सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. आता निघालंच आहे तर पुरतं निघू दे, असं ठरवून तो खुर्चीत पुढे सरकला.

"त्यांची फलंदाजी चालू असताना दोन-दोन दिवस मी त्याला शॉर्ट लेगला उकिडवं बसवलंय. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात. बॅटवरून सुटलेला चेंडू कधी बरगडीत, कधी मांडीवर. त्यांचा डाव संपला की लगेच आपला सुरू. हा चहा गार होणार नाही एवढ्या वेळात पॅड बांधून सलामीला जायचं. गुडघे सरळ व्हायच्या आत समोर नवा चेंडू. तुम्ही हलवून दाखवा पाय."

"मग तिथे दुसऱ्याला उभं करायचं होतं!"

"केलं असतं की. एकाची पाठ धरलेली. एकाचा खांदा निखळतो. एकाला म्हणे घरून ताकीद आहे. शॉर्ट लेगचं नाव काढलं की आमच्या शतकवीरांची सगळी जुनी दुखणी वर येतात."

"आणि तू कुठे होतास?"

हा प्रश्न आबांचा. आबा निवड समितीचे अध्यक्ष. तासाभरात पहिल्यांदाच बोलले होते.

"मागे, स्लिपमध्ये," कर्णधार म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

आबांनी पडदा बंद करायला सांगितला. त्यांच्या डाव्या गालाचं हाड आत गेलेलं होतं. त्यांच्या काळात शॉर्ट लेगला तेच उभे राहायचे, तेही हेल्मेटशिवाय. सत्काराच्या भाषणांत ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे. आज हसले नाहीत.

"मीही राहिलो होतो तिथे उभा," ते म्हणाले. "कुरकुर केली नाही. धावा आटल्या, मला काढलं. मुकाट घरी गेलो. माझ्यासाठी अशा खोलीत कोणी ओरडलं नव्हतं."

"ओरडायला हवं होतं, आबा! चुकलंच त्यांचं."

आबांना असं तोंडावर सांगायची कोणाची टाप नव्हती.

"कॅप्टन," चष्मेवाले चढ्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला इथे मत नाहीये."

"माहीत आहे. मत नाही, तोंड आहे. बटणला काढणार असाल तर कर्णधारही दुसरा शोधा."

"धमकी देतोस?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. माझी अडचण सांगतोय. बटणला काढाल, त्याच्या जागी नवं पोर आणाल. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणणार, जा बाबा, शॉर्ट लेगला उभा राहा. ते विचारेल, आधी उभा राहायचा त्याचं काय झालं? कोणत्या तोंडाने सांगू त्याला?"

त्याचा आवाज चिरकला. त्याची त्याला लाज वाटली नाही. संताप आला होता आणि तो लपवायचा त्याला आता कंटाळा आला होता.

चष्मेवाल्यांचं बिस्कीट कपात विरघळून तळाला गेलं.

"बटण सलामीला खेळेल," आबा शेवटी म्हणाले. "ताज्या पायांनी. शॉर्ट लेगला तू."

"आबा, अहो, कर्णधार आहे तो! वय काय त्याचं?" चष्मेवाले उठलेच. "वर्मी लागलं तर संघ कोण सांभाळणार?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते कर्णधाराकडे बघत होते.

इतक्या वर्षांत तो त्या जागेवर एकदाही गेला नव्हता. भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तो उभा राहिला.

"राहतो," तो म्हणाला. "वाकायचं किती असतं तिथे?"

आबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. टेबलाला धरून ते पुढे आले आणि खोलीच्या मधोमध, गालिच्यावर, हळूहळू खाली बसत गेले. गुडघे कडकडले. दोन्ही हातांची ओंजळ पुढे, हनुवटी वर, डोळे थेट कर्णधाराच्या गुडघ्यांवर.

"एवढं," ते म्हणाले. "आता बॅट फिरव."

कर्णधाराने रिकामे हात उचलले. आबांची पापणी लवली नाही.