उताराचं पाणी

तवनाप्पांनी नळाची चावी फिरवली आणि भिंतीतला पाईप धडाडधड वाजायला लागला. फडताळातली पितळी भांडी थरथरली. पलीकडच्या सोप्यातून शेजारच्या महावीरची हाक आली, "आण्णा, तुमच्या नळापायी आमची म्हैस धारंला उभी ऱ्हाईना झालीया."

तवनाप्पांना हे गाऱ्हाणं कौतुकासारखं वाटलं. निपाणीच्या त्या गल्लीत पहिला नळ त्यांचा. गल्ली उताराच्या पार तळाशी आणि नळाला पाणी देणारं तळं वर टेकडीला. पाणी सुटलं की थेट तवनाप्पांच्या मोरीत येऊन आदळायचं. घरात नळ आलाय हे सांगायला वेगळी दवंडी लागत नव्हती. आठ दिवसांत त्यांच्या तंबाखूच्या वखारीतली गिऱ्हाइकंसुद्धा तो आवाज ऐकून गेली होती.

फक्त त्यांच्या बायकोनं, राजमतीनं, त्या नळाचं थेंबभरही पाणी प्यायलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं नळाच्या तोंडाला दुहेरी गाळणं बांधलं, तर पाण्याच्या जोरानं ते सुटून मोरीत वाहून गेलं. बिनगाळलेलं पाणी त्या जैनाच्या घरात चुलीवर चढत नसे. ती मुकाट्यानं घागर घेऊन पुन्हा गल्लीतल्या आडावर गेली. उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातानं दोर ओढायची. नळ घराच्या इभ्रतीसाठी आणलाय, असं तवनाप्पा चारचौघांत सांगत. खरं तर तो त्या खांद्यासाठी आणला होता, आणि हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून आज यल्लाप्पा फिटर आला होता. लढाईच्या काळात बेळगावच्या छावणीत नळ जोडून त्याचा हात बसलेला. त्यानं भिंतीला कान लावला, चावी उघडली आणि फटकन मिटली. पाईप पुन्हा दणाणला.

"आण्णा, पाणी वरनं पळत येतंय," तो म्हणाला. "तुमी त्याच्या तोंडावर दार लावताय. मग ते डोकं आपटणारच की."

"मग काय करतोस?"

"रस्त्याकडची मोठी चावी आवळतो. म्हणजे चालत येईल."

तवनाप्पा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगळंच गप करू नकोस. थोडं वाजू दे."

यल्लाप्पानं हसू दाबलं. "आवाज ऱ्हायला की जोर ऱ्हायला. आणि जोर ऱ्हायला की आक्कांचं गाळणं न्हाय ऱ्हायचं. तुमीच सांगा."

राजमती दारात उभी होती. डावा हात उजव्या खांद्यावर. तवनाप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"आवळ," ते म्हणाले.

थोड्या वेळानं पाणी आलं ते करंगळीएवढ्या धारेनं. पाईप गप्प. घर एकदम सुनं झाल्यासारखं तवनाप्पांना वाटलं. पण नळाला बांधलेलं गाळणं नुसतं फुगलं, जागचं हललं नाही. घागर काठोकाठ भरली.

राजमतीनं गाळणं सोडलं, उलटं केलं आणि गाळलेलं पाणी त्यावर ओतून तांब्यात निथळू दिलं. गाळण्यात अडकलेले बारीक जीव असे उतरवायचे आणि जिथलं पाणी तिथंच नेऊन सोडायचे. या जिवाणीला लग्न होऊन आल्यापासून ती एक दिवस चुकली नव्हती. आता मात्र ती तांब्या हातात धरून नळाकडं बघत राहिली.

"ही कुठं सोडू?"

"आडात सोड की, रोजच्यागत."

"आडातली न्हवंत ही. तळ्यातली हाईत. परक्याच्या दारात न्हेऊन टाकू व्हय त्यास्नी?" तिनं तांब्या खाली टेकवला. "नळात काय परत घालता येत न्हाय. आपलं आडाचं पाणीच बरं." आणि तिनं खुंटीवरचा दोर काढला.

हत्यारं गोळा करता करता यल्लाप्पा थांबला. तळं चांगलं मैलभर लांब, आणि वाट सगळी चढाची. तवनाप्पांच्या मनात आलं, वखारीतलं माणूस धाडावं. पण आपल्या घरचा नेम पगारी माणसाच्या पायांनी पाळायचा, हे काही त्यांना पटेना. त्यांनी लग्नकार्यातला जरीचा पटका काढून डोक्याला बांधला आणि हात पुढं केला.

"आण इकडं."

"तुमी? रोज?"

"रोज. नळ मी आणलाय न्हवं?" आणि मग, फिटरसमोर बोलू नये ते बोलून गेले. "तुझ्या खांद्यासाठी आणलाय."

राजमतीनं दोर खुंटीला परत टांगला आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. "तुमी येस्तवर मी तोंडात पाणी घालत न्हाय," एवढं म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

महावीर कट्ट्यावरच बसला होता. "आण्णा, नळ एकदम गप कसा झाला? आणि पटका बांधून, तांब्या घेऊन कुठं?"

"तळ्याला."

"घरात नळ असून तळ्याला? पाणी आणायला?"

"न्हाय रं," तवनाप्पा म्हणाले. "द्यायला."

दारादारातून माणसं बघत होती. तवनाप्पा रस्त्याच्या मधोमध, ताठ मानेनं चढाला लागले. चालत होते अगदी सावकाश, तांब्यातला थेंबही सांडू नये म्हणून. आणि सगळ्या गल्लीला नीट दिसावं म्हणूनही.