पापणीवरचं अंडं

कोपऱ्यावरची विजेची डीपी फुटली तेव्हा सून दोरीवरचे कपडे काढत होती. पंधरा मिनिटांपूर्वी वाळत घातलेले कपडे पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते. आधी धडाम् असा आवाज, मग काळा धूर, मग गल्लीतले सगळे पंखे एकदम गप्प. ती कपडे तिथंच टाकून शेडकडे पळाली. शेडमध्ये अंडी उबवायचं यंत्र होतं आणि यंत्रात नऊशे अंडी. आज विसावा दिवस. उद्या पिल्लं बाहेर येणार होती.

जनरेटर चार दिवसांपूर्वीच मान टाकून बसला होता आणि त्याचाच एक भाग आणायला तिचा नवरा शहरात गेला होता. शेडमध्ये होते फक्त अण्णा, तिचे सासरे. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालेलं. वाकू नका, उचलू नका, धुळीत जाऊ नका, असं डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं आणि अण्णांनी दहाही वेळा मान डोलवली होती. आता डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत ते यंत्रावर गोधड्या घालत होते.

चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. वीज गेली की आधी गोधड्या, मग बाकीचं जग. ऊब कोंडून धरायची, म्हणजे अंडी जगतात.

"अण्णा, काढा त्या!"

"वेड लागलंय का तुला? गार पडतील."

"कशानं गार पडतील? भिंतीवर बघा."

भिंतीवरचा पारा एकशेदहा फॅरनहाइटला टेकला होता. यंत्रातला पारा शंभराच्या खाली हवा, तो एकशेदोनवर गेलेला काचेतून दिसत होता. शेवटच्या दिवसांत पिल्लांच्या अंगातूनच ऊब निघते आणि यंत्रातला पंखा ती बाहेर फेकतो. पंखाच बंद होता. सुनेनं एकेक गोधडी ओढून खाली टाकली. अण्णांच्या हातातून काही हिसकावून घेण्याची ही तिची पहिलीच वेळ. तिला भीती वाटत होती, पण हात थांबले नाहीत.

मग तिनं यंत्राचं दार उघडलं.

"अगं, दार!" अण्णा ओरडले.

शेवटचे तीन दिवस दार उघडायचं नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. कोरडी हवा लागली की कवचाच्या आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लू त्यालाच चिकटून मरतं. हा कायदा पुठ्ठ्यावर लिहून तिनंच दारावर चिकटवला होता.

"बंद ठेवलं तर शिजतील, उघडलं तर वाळतील," ती म्हणाली. "अण्णा, ऊन नाही आणि ओल आहे, अशी एक जागा सांगा मला. ओरडा नंतर."

अण्णांनी वरच्या ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि उघड्या डोळ्याच्या पापणीवर टेकवलं. पाऱ्यापेक्षा त्यांचा पापणीवर भरवसा जास्त. अंडं परत ठेवताना त्यांचा चेहरा पडला होता.

"मीच मारत होतो की यांना," ते म्हणाले. मग अंगणाकडे बोट करून, "हौद."

महिनाभर नळाला पाणी नव्हतं. अंगणातला पुरुषभर खोल हौद रिकामा होता, पण तळाला अजून ओल धरून होता. शेजारच्या शिंपीणबाईंनी भिंतीवरून सांगितलं, वीजवाले म्हणतायत, उद्या सकाळपर्यंत काही खरं नाही. सुनेनं हौदात स्टुलं आणि फळ्या सोडल्या. घरात पाण्याच्या दोनच कळशा उरल्या होत्या. त्यातली एक तिनं गोणपाटाच्या रिकाम्या पोत्यांवर ओतली.

"मी उतरते, तुम्ही वरून द्या."

"वरून द्यायला वाकावं लागतं. मी खाली उभा राहतो. वर बघायला कुठं मनाई आहे?"

आणि पट्टी बांधलेले अण्णा शिडीवरून हौदात उतरलेसुद्धा.

नऊ ट्रे होते. एकेक ट्रे ओल्या पोत्यानं झाकायचा, भाजणाऱ्या फरशीवरून न हलवता न्यायचा आणि वर आलेल्या दोन हातांत द्यायचा. सहाव्या ट्रेला तिचा पाय सरकला. सात अंडी फरशीवर फुटली. एकातलं पिल्लू पिसांसकट पुरं झालेलं होतं. तिला रडू कोसळलं. रडतच तिनं सहावा ट्रे खाली दिला आणि रडतच ती सातवा आणायला गेली.

दुपारभर ती हौदाच्या तोंडावरची पोती ओली करत राहिली. खाली अण्णा या ट्रेमधलं एक, त्या ट्रेमधलं एक, अशी अंडी पापणीला लावत होते. "अजून गरम," ते सांगायचे. मग, "उतरतंय." मग, "बरं आहे."

ऊन भिंतीआड गेलं. वीज आली नव्हती. ती हौदाच्या काठावर पालथी पडून आत डोकावली.

"अण्णा, वर या आता. दोन घोट पाणी तरी घ्या."

तिनं डोकं आणखी आत घातलं.

"अण्णा?"

"श्श!"

अंधारात नीट दिसायला तिला जरा वेळ लागला. अण्णा अंडं पापणीला लावून उभे होते, अजिबात न हलता.

"काय झालं?"

"ठोकतंय गं. आतून ठोकतंय." मग त्यांनी दुसरं अंडं उचललं, तेही पापणीवर टेकवलं आणि मान वर केली. "पण आता गार पडायला लागलीत. जा, आण माझ्या गोधड्या."