दोन क्वार्टर

सलोनीचा फॉर्म लाल झाला.

नववीचे बाकीचे एकेचाळीस फॉर्म हिरवे होते. आदल्या दिवशी काय काय प्यायलं ते मुलांनी मोबाईलवर भरायचं, एवढंच त्या ऑनलाइन सर्वेक्षणात होतं. बंटीने कोल्ड्रिंकच्या अकरा बाटल्या ठोकून दिल्या होत्या, अंकुरने सात कप चहा. यंत्राला त्यात काही वावगं दिसलं नाही. सलोनीपाशी मात्र ते अडून बसलं. सत्यशीला मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

पेय: इतर. कोणते: घरचं. किती: दोन क्वार्टर.

दिग्रसच्या आसपास क्वार्टर म्हणजे काय, हे पहिलीतलं पोरही सांगेल. आणि घरचं म्हणजे घरी गाळलेलं, दुसरं काय? खाली सूचना होती: खात्री करून चार वाजेपर्यंत बालसंरक्षण कार्यालयाला कळवा. वर्गात पहिली येणारी पोर, आणि उद्या तिच्या दारात चौकशीची जीप!

त्यांनी सलोनीला बोलावलं. पण तो एक शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेना.

"सलोनी, हे... घरचं, तुला कोण देतं?"

"बाबा देते, मॅडम. आपल्या हातानं."

"रोज?"

"हो. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"आणि तू घेतेस?"

"मले नाही आवडत. पण नाही म्हटलं त बाबाचं तोंड उतरते." मग ती हसली. "आता झाली सवय."

मॅडमनी तिला वर्गात पाठवलं. सलोनीचे बाबा, घनश्याम, अख्ख्या गावाला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस कपाशीच्या वावरात कमी आणि गुत्त्यावर जास्त सापडायचा. आता सुटली, असं लोक म्हणत होते. सुटली कसली, पोरीलाही लावली! मॅडमना इतका राग आला की फोनवर त्यांनी नमस्कारसुद्धा म्हटला नाही.

"आत्ताच्या आत्ता शाळेत या. आणि पोरीला जे पाजता ना, तेही घेऊन या."

साडेतीनला घनश्याम आले. पायाला वावरातली माती तशीच, आणि शर्टाच्या आत पोटाशी काहीतरी दडवलेलं. जुनी सवय ती, इतक्यात कुठली जायला. इकडेतिकडे बघत त्यांनी ते टेबलावर ठेवलं. क्वार्टरचीच बाटली. लेबल झिजून गेलं होतं, फक्त '१८० मिली' तेवढं शाबूत.

आत दूध होतं.

"आपल्या गाईचं हाय, मॅडम. डेअरीत घालायच्या आधी पोरीचं काढून ठेवतो. पानी नाही टाकत, आईशप्पथ!"

मॅडमनी घाईघाईने फॉर्म उघडला. दुधासाठी तिथे एकच पर्याय होता, 'पाकिटातले दूध'. मग गाईवाल्या घरची पोर 'इतर' नाही भरणार तर काय करणार? मॅडमना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे नोंद दुरुस्त केली आणि फॉर्म हिरवा झाला.

"अहो, पण याच बाटलीत का? घरात ग्लास नाहीत का?"

घनश्यामांनी झिजलेल्या लेबलावरून अंगठा फिरवला.

"सोडली त्या दिवशी मी हे बाटली फेकाले गेलतो. पोरीनं हातातून घेतली. इचारलं, बाबा, तुम्ही रोज किती घेत होते? म्हटलं, दोन. तिनं धुतली, चुलीपाशी पालथी घातली. म्हणे, आता हिच्यात रोज दोन खेपा माह्यं दूध भरा." त्यांनी बाटली उचलली आणि बूच उगाच पुन्हा घट्ट केलं. "तिले दूध आवडत नाही, मॅडम. मले मालूम हाय. बाटली रिकामी राहू नये म्हणून पेते."