आत्याची जीभ

बायकांनी हर्षलाच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारले होते. आत्याने बाळाच्या कानात एकदा 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं, की बारसं पार पडलं.

हर्षला पाळण्यावर वाकली, पण मेली जीभ टाळूला लागून थरथरेचना. अमेरिकेतल्या रुग्णांशी फोनवर बोलायच्या नोकरीसाठी कंपनीने तिच्या जिभेत उच्चारयंत्र बसवलं होतं. इंग्रजी कसं लोण्यासारखं यायचं! आता मात्र तोंडातून नुसतंच गुळगुळीत, परकं काहीतरी घरंगळलं. बायका फिदीफिदी हसल्या. उगारलेले हात खाली आले.

"ताई, तासभर काढून ठेव ना ते," भाऊ कुजबुजला.

"ते निघत नाही. बसवायला तूच घेऊन गेला होतास ना मला?"

भावाने मान फिरवली. भावजयीने बाळ उचलून घेतलं आणि तिची समजूत काढली, "मनाला लावून घेऊ नका, वन्सं. ह्याला असं अवघडल्यासारखं व्हायचंच नाही. पहिला दात आला की बसवतात आता. आम्ही नंबर लावून ठेवलाय."

बाळाने मोठी जांभई दिली. त्याच्या इवल्याशा गुलाबी जिभेकडे हर्षला बघतच राहिली.