नाव तेवढे तिचे

मोठ्या पडद्यावरच्या नव्या टीमच्या तक्त्यात तिच्या नावाचा चौकोन उमटला आणि बैठकीच्या खोलीत टाळ्या सुरू झाल्या. कालपर्यंत एकाच टीमची असलेली सॉफ्टवेअर कंपनी आजपासून दोन टीमची होणार होती. एका टीमचे लीड, म्हणजे प्रमुख, ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणत ते; दुसरीची ती.

"वकीलबाई, आता भांडायला हक्काची सहा माणसं मिळाली!" मागून कोणीतरी ओरडले. प्रत्येक मुद्द्यावर हुज्जत घालते म्हणून ऑफिसने तिला हे नाव ठेवले होते, आणि तिनेही ते कधी मनावर घेतले नव्हते.

कंपनीच्या संस्थापकाला सगळे गमतीने मालक म्हणत. मालक आज रंगात आले होते. "काकांच्या एकट्याच्या टेबलावर सगळ्यांचं काम तुंबतंय. आता आणखी कुणीतरी पुढे यायला हवं. आणि हिलाच का, ते दाखवतो." त्यांनी एका रुग्णालयासाठी केलेला प्रोग्राम पडद्यावर उघडला. परिचारिकांच्या पाळ्या लावण्याचे हे काम तिच्याकडे होते. "बटण दाबायचा अवकाश, अख्ख्या महिन्याच्या पाळ्या तयार. आणि आतली मांडणी बघा, आरशासारखी लख्ख! असं लिहिणारं माणूसच दुसऱ्यांना शिकवू शकतं."

तिने पाहिले. वर तिचे नाव होते. खाली तिची एकही ओळ नव्हती.

लोक अभिनंदन करून बाहेर पडेपर्यंत तिने चेहऱ्यावरचे हसू कसेबसे धरून ठेवले. खोलीत उरले मालक आणि त्यांचे सख्खे काका. कोणाचेही काम काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जायचे नाही, हा कंपनीचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता होता.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"तूच की. वर नाव आहे ना तुझं."

"नाव आहे. लिहिलं कुणी?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला. "अगं, थोडा हात फिरवला."

"थोडा? माझा एक स्वल्पविराम दाखवा यात!"

"तुझं चालत होतं, पण रखडत चालत होतं. गिऱ्हाइकापुढे तसं ठेवायचं? नीट करून दिलं, वर श्रेयही तुझ्याकडेच राहू दिलं. दुसऱ्या कुणी केलं असतं एवढं?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला समजावण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात माझं लिहून होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने पुढचा प्रश्न हळूच विचारला. "आणखी कुणाकुणाचं केलंत असं?"

"सगळ्यांचंच करतो," काका म्हणाले, जेवलात का असे कोणी विचारावे आणि उत्तर द्यावे, तितक्या सहज.

लॅपटॉपची वायर गुंडाळणारे मालकांचे हात थांबले. "सगळ्यांचं?"

"मग? कंपनी काय हवेवर वाढली तुझी? ही पोरं अर्धंमुर्धं टाकून घरी जातात. निस्तरायचं कुणी?"

मालक खुर्चीत टेकले. बाहेरच्या काचेपलीकडे माणसे नव्या जागांवर आपापली टेबले सरकवत होती. तिकडे बघता बघता त्यांना आपला नेहमीचा आवाज सापडला.

"हे बघ, झालं ते झालं. सगळ्यांसमोर सांगून झालंय. नाव तुझं, टीम तुझी. बाकीचं येईल हळूहळू. आता फाटे फोडू नकोस."

"काय येईल हळूहळू? उद्या ते सहा जण काम घेऊन माझ्यासमोर उभे राहतील. त्यातलं बरं काय, वाईट काय, मी कशावरून सांगू? माझंच काय चुकत होतं, ते मला कळू दिलं नाहीत, काका. दर वेळी 'छान झालंय, पुढे पाठवतो' म्हणालात. मी घरी जाऊन आईला सांगायचे, काकांना माझं काम आवडतं म्हणून!"

शेवटच्या शब्दाला आवाज कापला. त्याचा तिला अधिकच संताप आला.

"अगं, पण भलंच केलं ना मी तुझं?" काकांचाही स्वर चढला. "चांगलं केलं तर हे ऐकून घ्यायचं?"

"चोरी केलीत, काका. माझ्या चुका होत्या त्या. माझ्या!"

तिने मालकांचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला. जुन्या आवृत्त्यांतून खणत खणत स्वतःची मूळ आवृत्ती शोधली, काकांच्या जागी ती बसवली आणि बटण दाबले.

"हे माझं. हे बघा, आणि मग सांगा मला टीम द्यायची की नाही."

लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटे चक्र गरगरू लागले. पाळ्यांचा तक्ता काही येईना. चक्र फिरतच राहिले. मालकांनी एकदा दाराकडे पाहिले, कोणी आत येईल की काय म्हणून.

काकांना ते बघवेना. त्यांचा हात कीबोर्डकडे गेला. "अगं, फक्त ती एक ओळ..."

तिने त्यांचे मनगट पकडले. वय, मान, काही न पाहता, घट्ट.

"राहू द्या," ती म्हणाली.

हात जागच्या जागी थांबला. तिच्या मुठीपुढे काकांची बोटे मात्र हवेतच टाइप करीत राहिली.