तिसरं उत्तर

माझ्या वडलांना, अप्पांना, टाइप करता येत न्हाई. म्हणून मेसेजखाली नुसती दाबायची तीन तयार उत्तरं मीच त्यांच्या फोनात टाकून दिल्ती: ‘बरं’, ‘न्हाई’, ‘येतो’.

आज सकाळी तिसऱ्या जागी ‘जातो’ दिसलं. घरातून निघताना असलं अभद्र कुणी बोलतं का? मी ते खोडून ‘येतो’ केलं.

पुन्हा ‘जातो’ झालं. पुन्हा खोडलं. मंग तिन्ही जागी ‘जातो’.

“अप्पा, फोनात काही केलं का तुम्ही?”

“मी कशाला हात लावू?” आष्टीच्या बाजाराची पिशवी घेऊन ते उंबऱ्यात उभे होते. चप्पल घातली, वळले, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “जातो.”

मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “बरं.”